बिनशेपटीचा प्रश्न

आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना मुलं डॅशबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. नाव पडलं ते त्यांच्या एका आयरिश लेखकामुळं. शंभरेक वर्षांपूर्वी होऊन गेलेला, फारसं न लिहिलेला, आणि जे लिहिलं त्यात माणसांची वाक्यं अर्ध्यावर तोडून पुढं निघून जाणारा. बाई व्याकरण शिकवायला उभ्या राहिल्या तरी फिरून फिरून त्याच्यावरच यायच्या, फळ्यावर एक आडवी रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, "आता सांगा, इथं हा माणूस गप्प का झाला?" मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "तास संपला असेल, मॅडम." सगळ्यांबरोबर बाईही हसायच्या, पण रेघ पुसायच्या नाहीत.

मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना खेटून होती, त्यामुळं तो लेखक माझ्याही डोक्यावर येऊन बसला होता. मी त्याची एक ओळ वाचलेली नाही, पण त्याची ती कादंबरी मला जवळजवळ तोंडपाठ आहे. समुद्रकाठचं छोटं हॉटेल, हंगाम संपलेला, गिऱ्हाईक नाही. हॉटेलची मालकीण बोलायला लागते आणि मध्येच थांबते. घरातलं जो कोणी समोर असेल तो ते अर्धं वाक्य उचलतो, आपल्या मनासारखं पुरं करतो आणि कामाला लागतो. एका सकाळी ती जिन्यात उभी राहून म्हणते, "पाणी जर—" आणि पुढं काही नाही. नवऱ्याला वाटतं, गरम पाण्याचा बंब बिघडला. तो पाना घेऊन तळघरात उतरतो. मुलीला वाटतं, समुद्र चढतोय. ती खालच्या खोल्यांतल्या गाद्या वर ओढायला लागते. स्वयंपाकिणीला वाटतं, मालकिणीला बुडून गेलेला धाकटा मुलगा आठवला, आणि ती चुलीशी बसून रडते. मालकीण खरं काय म्हणणार होती ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

बाई त्याच लेखकावर पीएच.डी. करत होत्या. त्यांच्या गाईड सरांनी तरुणपणी या लेखकावर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात ठासून सांगितलं होतं, की ते पाणी म्हणजे बुडालेला मुलगा. ते पुस्तक अजून अभ्यासक्रमाला होतं. बाईंचा प्रबंध त्याच्या थेट विरुद्ध टोकाला. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं म्हणजे त्याच्या तोंडातला घास काढून घेणं. लेखकानं जिथं रेघ मारली तिथं वाचणाऱ्यानं निमूट थांबावं. बंबवाला नवरा चुकला, गाद्यावाली मुलगी चुकली आणि रडणारी स्वयंपाकीणही चुकली.

सरांनी ते प्रकरण वाचून चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मला स्वयंपाकीण म्हणताय."

"नाही सर, एकूण समीक्षकांबद्दल म्हणतेय."

"मी त्यांच्यात येतो," सर म्हणाले. त्यांनी सही केली, पण बाईंना बरेच हेलपाटे घालायला लावून.

तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज इतका हळू की सगळा हॉल पुढं झुकला. त्यांनी प्रबंध अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचला होता हे त्यांच्या हातातल्या कागदी खुणांवरून दिसत होतं. त्या म्हणाल्या, "वाक्य पुरं करायचं नाही, हे मला पटलं. मग वाचणाऱ्यानं करायचं काय?"

"थांबायचं," बाई म्हणाल्या.

"कुठपर्यंत?"

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. "त्या हॉटेलात एकही माणूस तिला परत जाऊन विचारत नाही, की बाई, काय म्हणत होतीस. हे तुमच्या लक्षात आलंय?"

"हो. पण लेखकानं ते..."

"तुमच्या प्रबंधातही ते कुठं येत नाही. तुम्ही बाकीच्या सगळ्यांना गप्प केलंत, याबद्दल शंका नाही. पण तुम्ही तरी तिला कुठं विचारलंत?"

बाई प्रबंधाची पानं मागंपुढं उलटत राहिल्या. सर खिडकीबाहेर बघत होते. निकाल असा लागला, की शेवटचं प्रकरण नव्यानं लिहावं आणि पुन्हा यावं.

स्टाफरूममध्ये आल्यावर बाई धुमसत होत्या. "लेखक मेलाय. मालकीण कागदावरची. विचारू कुणाला, डोंबलाला?" असं काहीबाही बोलून त्यांनी कपाटाचं दार आपटलं आणि घरी गेल्या.

घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्तीत काढलेलं, हाडापेरानं मजबूत आणि भयंकर बोलके. त्यांच्यासमोर कुणाचंच वाक्य पुरं होत नसे. तुम्ही "आज जरा—" म्हणालात, की ते "उकडतंय, तर उकडतंय" म्हणून मोकळे. मी एकदा त्यांच्याकडं गेलो होतो तेव्हा माझं नाव, पत्ता आणि येण्याचं कारण त्यांनी परस्पर सांगून टाकलं, त्यातलं फक्त नाव बरोबर होतं. बाई म्हणायच्या, मला अर्ध्या वाक्यांचं वेड लागलं ते घरात पुरी वाक्यं बोलायची सोय नव्हती म्हणून.

प्रकरण नव्यानं लिहायला बसून बाईंना काही सुचत नव्हतं, अशात एका सकाळी वडील आरशासमोर शर्ट घालत होते. गळ्याजवळचं बटण काही केल्या लागेना. बाई म्हणाल्या, "थांबा बाबा, मी लावते." वडील वळले. चेहऱ्याची उजवी बाजू उतरली होती, उजवा हात लोंबत होता. "हे..." ते म्हणाले, "हे... हे..." आणि पुढं शब्द आला नाही.

बाईंचा धाकटा भाऊ औषधाचं दुकान चालवायचा. तो गाडी घेऊन धावत आला आणि त्यानं सूत्रं हातात घेतली. दवाखाना, तपासण्या, खाट, सगळं त्यानंच बघितलं. जीव वाचला. उजव्या हातात ताकद नव्हती आणि वाचा जवळजवळ गेली होती. समोरचा बोलतो ते सगळं त्यांना कळत होतं. नजरेत ते स्पष्ट दिसायचं. बोलताना मात्र एकेक शब्द खोल विहिरीतून काढावा तसा यायचा, आणि बऱ्याचदा दोर मध्येच तुटायचा.

सर्जननं दोघा भावंडांना बाहेर बोलावलं. तरुण होता, पण बोलायला सरळ. "मानेतून मेंदूकडं जाणारी डावीकडची रक्तवाहिनी आतून चिंचोळी झालीय. ती उघडून साफ करायला हवी, आणि लवकर. नाही केलं तर पुढचा झटका कधीही येईल, आणि तो याहून मोठा असू शकतो. आता दुसरी बाजू. ऑपरेशन चालू असताना टेबलावरच झटका येण्याचा धोका असतो. कमी आहे, पण आहे. पेशंट शुद्धीवर आहेत, म्हणून आधी त्यांचं म्हणणं कळायला हवं. ते अगदीच जमलं नाही तर तुम्ही एकमतानं ठरवा. परवा सकाळी मला काय ते सांगा."

भावानं वडिलांच्या उशाशी बसून सगळं समजावलं. संमतीचा कागद दाखवला. वडील बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सही..." आणि थोड्या वेळानं, "नको." मान जोरात हलवून पुन्हा, "नको. सही... नको."

तिथून भांडणाला तोंड फुटलं.

"बाबांना ऑपरेशन नकोय," बाई कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या. "स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"स्पष्ट?" भाऊ म्हणाला. "ताई, सकाळी त्यांनी चहाला नको म्हटलं आणि कप हातातून सोडला नाही. पांघरुणाला नको म्हणाले आणि ओढून घेतलं. त्यांचं हो आणि नको उलटसुलट होतंय. या आजारात होतं तसं."

"मग सोयीचं असेल तिथं हो धरायचं का?"

"सही, असं आधी म्हणाले की नाही? कर सही, असंच म्हणत असतील."

"आणि त्यानंतरचं नको कुठं गेलं?"

भावाचा आवाज चढला. "तुझं कसं आहे ना, तुला त्यांचं वाक्य हवंय. मला बाबा हवेत. तू या नको-नकोवर एक प्रकरण लिहिशील आणि तोवर पुढचा झटका येईल."

"मला काय ते नकोत?"

एक नर्स बाहेर येऊन दोघांकडं बघून गेली. त्यानंतर भाऊ बाकाच्या एका टोकाला बसला आणि बाई दुसऱ्या टोकाला. मी दुपारी चहाचा थर्मास घेऊन गेलो तेव्हा ते तसेच बसले होते, मधली जागा रिकामी. मी मुद्दाम मधे बसलो, तर दोघंही माझ्याशी बोलायला लागले आणि एकमेकांशी नाही.

भाऊ औषध आणायला खाली गेला तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगू? सर्जन टेबलावरच झटका असं म्हणाला ना, तेव्हापासून मला दुसरं काही ऐकूच येत नाहीये. डोळे मिटले की टेबल दिसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्पीच थेरपिस्ट आली. वाचा गेलेल्यांना परत बोलायला शिकवणारी. मध्यम वयाची, दमलेली, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून तिनं चित्रांचे पुठ्ठे काढून खाटेवर मांडले, स्टूल ओढलं आणि भावंडांना म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलायच्या आधी तुम्ही कसं विचारता ते मला ऐकू दे. काल काय विचारलंत?"

भाऊ पुढं झाला. "बाबा, ऑपरेशन करू या ना?"

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"आता तुम्ही," ती बाईंना म्हणाली.

बाई वाकल्या. "बाबा, तुम्हाला ऑपरेशन नकोय ना?"

वडिलांनी डोळे उघडले नाहीत.

थेरपिस्ट म्हणाली, "तुमच्या दोघांच्याही प्रश्नाला शेपूट आहे. ना. ते शेपूट धरून तुम्ही त्यांना हव्या त्या बाजूला ओढताय. आधीच शब्द सापडत नाहीयेत, त्यात हे. शेपूट कापा. आणि विचारून झालं की तोंड मिटून बसा. हे दुसरं जास्त अवघड आहे, आधीच सांगून ठेवते."

बाईंनी मला पुढं हे सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्यांनी लोकांना धारेवर धरलं, ती गोष्ट त्या आपल्या बापाशी करत होत्या, तीही भावाच्याच शब्दानं. त्याचं ना ऑपरेशनच्या बाजूला, यांचं विरुद्ध. टेबल त्यांना दिसत होतं आणि नको त्यांनी बाबांच्या तोंडी घातलं होतं.

सर्जनला बोलावून घेतलं. तो दाराशी उभा राहिला. थेरपिस्टनं वडिलांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "काका, ऑपरेशनबद्दल तुम्हाला काय सांगायचंय?"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. वडिलांच्या ओठांची हालचाल व्हायची आणि थांबायची. कपाळावरची शीर फुगली होती. बाई सांगत होत्या, की असा वेळ मी कधी काढला नव्हता. प्रत्येक क्षणी वाटायचं, आता शब्द सुचवावा, आता सुटका करावी. ती सुटका त्यांची नव्हे, माझी.

"सही..." वडील म्हणाले.

भावाचे ओठ उघडले. थेरपिस्टनं न बघताच हात वर केला. तो गप्प बसला.

"...नको."

बाईंना वाटलं, झालं, आपलंच खरं. तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. वडिलांनी डावा हात सोडवून घेतला, तो उचलला आणि मुलाकडं बोट केलं. "हा... नको." बोट फिरलं, बाईंवर आलं. "ही... नको." मग हाताची मूठ झाली आणि ती मूठ त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवली. "मी."

"सही तुम्ही करणार?" थेरपिस्टनं विचारलं.

मान हलली.

"कशासाठी करणार, काका?"

त्यांनी बोट डाव्या कानाखाली टेकवलं आणि मानेवरून खाली एक रेष काढली. सर्जननं जिथं चीर देणार म्हणून दाखवलं होतं, अगदी तिथून. मग ते भावंडांकडं बघून म्हणाले, "मेलो... तर..."

"बाबा, असं काही—" भाऊ बोलायला लागला आणि बाईंनी त्याचं मनगट धरलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत. त्यानं हिसका दिला नाही. दोघंही तसेच उभे राहिले. वडील शब्द शोधत होते. एकदा तो ओठांपर्यंत आला आणि परत गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. थेरपिस्ट हलली नाही.

"...मी," ते म्हणाले. मग आणखी एक शब्द ओढून काढला. "माझं."

थेरपिस्टनं तेवढ्यावर सोडलं नाही. तिनं प्रश्न उलटे केले, सुलटे केले, चित्रांचे पुठ्ठे जागा बदलून मांडले. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, केलं तर काय होऊ शकतं, दोन्ही त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पुठ्ठे पुन्हा फिरवले तेव्हा ते वैतागले आणि तेच दाखवलं. सर्जन म्हणाला, "पुरे. मला कळलं." कागदाखाली फळी धरली. वडिलांनी डाव्या हातानं सही केली. अक्षरं मुंग्या पांगल्यासारखी झाली होती, पण आडनावासकट पुरी.

ऑपरेशनच्या दिवशी भावंडं त्याच बाकावर बसली होती, या वेळी शेजारी शेजारी. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. दार उघडलं की दोघंही उठायची आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायची. भाऊ एकदा म्हणाला, "टेबलावर काही झालं तर मी त्यांना भरीला घातलं असं तुला वाटेल." बाई म्हणाल्या, "त्यांनी ते ठरवणं आपल्या दोघांकडं ठेवलंच नाही." भावानं तोंड दुसरीकडं वळवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो आधी खुर्चीवर बसला, मग म्हणाला, "नीट पार पडलं. मधे थोडी काळजीची वेळ आली होती, पण सावरलं. हात-पाय आधीसारखेच हलताहेत. आवाज काही दिवस घोगरा राहील."

आवाज काही दिवस नव्हे, काही महिने घोगरा राहिला. हाताला थोडी ताकद आली, शब्द हळूहळू जमायला लागले. बाईंनी दीर्घ रजा काढली. वडिलांना शब्दांचा सराव देऊन झाला की त्या शेवटचं प्रकरण लिहायच्या.

दुसऱ्या तोंडी परीक्षेला मी होतो, भाऊही होता, दुकान बंद करून आलेला. बाईंनी आपला मुद्दा सोडला नव्हता, पण त्याला नवी बाजू दिली होती. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी म्हटलं होतं, की रेघ आली की थांबायचं. ते अपुरं होतं. मी आधीच ठरवून टाकलं होतं, की मालकिणीला काही सांगायचंच नाहीये. तेही तिचं वाक्य पुरं करणंच झालं, माझ्या पद्धतीनं. कादंबरीत तिला तिचे शब्द कुणी परत करत नाही, कारण तिच्याशी बोलणारा प्रत्येकजण प्रश्न विचारतानाच उत्तर कोंबतो." मग त्यांनी पुस्तकातली एकेक जागा काढून दाखवली. तुला बरं नाही ना, तू खाली येणार ना, तुला आठवण झाली ना. इंग्रजीतली अशी शेपटं पानोपान विखुरलेली होती आणि इतक्या वर्षांत त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. एकाच ठिकाणी, अगदी मधल्या एका प्रकरणात, टपाल घेऊन आलेला माणूस तिला बिनशेपटीचं विचारतो, "काय म्हणालात?" आणि थांबतो. त्या पानावर ती त्याला एक लांबलचक, पुरं वाक्य बोलून दाखवते. वाऱ्याबद्दल. सगळ्यांनी ते वाक्य बिनमहत्त्वाचं म्हणून सोडून दिलं होतं, बाईंनीसुद्धा.

परीक्षक बाईंनी ते पान काढलं, वाचलं आणि म्हणाल्या, "हे मीही सोडलं होतं."

सर बोलायला उठले तेव्हा मला धास्ती होती. ते म्हणाले, "पाणी म्हणजे मुलगा, हे मी अजून सोडलेलं नाही." जरा थांबून म्हणाले, "पण हे छापून यायला हवं." चहाला ते थांबले नाहीत.

पदवी मिळाली. बाई अजून शिकवतात. त्या दिवशी खोलीत वडील जे म्हणाले त्यावरून भावंडांचं मात्र अजून जमलेलं नाही. भाऊ म्हणतो, आपण मेलो तर पोरांच्या डोक्यावर ओझं नको, म्हणून बाबांनी सही स्वतःकडं घेतली. बाई म्हणतात, ओझंबिझं काही नाही, माझ्या मानेचं मी ठरवणार, तुम्ही कोण, असा सरळ हिशेब. एका रविवारी मी जेवायला होतो तेव्हा पुन्हा हाच विषय निघाला, आणि शेवटी बाईंनीच खुर्ची वडिलांकडं वळवून विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होतात?"

आम्ही सगळे हातातले चमचे थांबवून बसलो. वडिलांनी घास चावून गिळला, पाण्याचा घोट घेतला, आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"आठवत... नाही," ते म्हणाले, आणि भाजीचं भांडं पुढं करा म्हणून डाव्या हातानं खूण केली.